बोडीवरचा वाघ आणि फोनचं इंग्रजी: सडक अर्जुनी ते नागझिरा

"नागझिऱ्याला निघालेय," असं म्हटलं की समोरचा लगेच विचारायचा, "वाघ बघायला?" मी सांगायची, "नाही हो, शिकवायला." त्यावर आमच्या शेजारच्या काकूंनी अगदी सरळ चेहऱ्याने विचारलं, "वाघाला?"

तर वाघाला नाही. माणसांना, आणि तेही एआय. त्याचं असं झालं की रूपालीचा फोन आला. रूपाली माझी जुनी विद्यार्थिनी. मी पुण्यात एका प्रशिक्षण संस्थेत तीस वर्षं कॉम्प्युटर शिकवला, त्यातल्या कुठल्याशा बॅचला ही गोंदिया जिल्ह्यातली मुलगी होती. आता ती सडक अर्जुनीला बायकांचा बचत गट चालवते. म्हणाली, "म्याडम, आमच्याकडे एआयचा कोर्स आला होता. तीस व्हिडिओ. निम्मे इंग्रजीत आणि निम्मे तुमच्या पुण्याच्या मराठीत. तिसऱ्या व्हिडिओच्या पुढे कोणी गेलं नाही. मग त्यांनी अहवालात लिहून टाकलं, शिकणाऱ्यांमध्ये उत्साह दिसत नाही."

उत्साह दिसत नाही म्हणे! माझं डोकंच फिरलं. दिवसभर भट्टीपुढे उभं राहून आलेल्या बाईने कुणाचं तरी इंग्रजी बडबडणं ऐकत उत्साहाने टाळ्या वाजवायच्या होत्या की काय?

रूपालीने मग खरी गोष्ट सांगितली. त्यांच्या गटात शेवंता नावाची एक बाई आहे. नागझिऱ्याच्या गेटाजवळच्या कॅन्टीनमध्ये ती अकरा वर्षं स्वयंपाक करते. जंगल तिला तोंडपाठ. तिने गाईडच्या जागेसाठी अर्ज केला होता आणि शनिवारी तोंडी परीक्षा होती. बाहेरच्या पर्यटकांसमोर पाच मिनिटं इंग्रजीत बोलून दाखवायचं. मागच्या वेळी एक वाक्य फुटलं नाही म्हणून ती परत आली होती आणि पुन्हा कॅन्टीनमध्ये कांदे चिरायला लागली होती. यावेळी संधी हुकली तर पुढची कधी, कोणालाच ठाऊक नाही.

"मंगळवारी पोचते," मी म्हटलं. तिकीट काढल्यावर मग घरी विचारलं.

जाणाऱ्यांसाठी आधी रस्ता सांगते. नागपूरपर्यंत रेल्वे, तिथून एसटी. रायपूरच्या महामार्गाने भंडारा, साकोली करत बस सडक अर्जुनीला येते, तीन-साडेतीन तास धरून चाला. महिलांना अर्धं तिकीट आहेच. तिकीट काढताना मात्र पूर्ण नाव घ्या, सडक अर्जुनी. नुसतं अर्जुनी म्हणालात तर अर्जुनी मोरगाव नावाचं दुसरं गाव याच जिल्ह्यात बसलंय, आणि कंडक्टरला तुमच्या मनातलं कळत नाही. फेब्रुवारीत गेलात तर सकाळी स्वेटर लागतो आणि दुपारी तो कुठे ठेवावा असा प्रश्न पडतो.

रूपाली मला स्टँडवरून थेट ढाब्यावर घेऊन गेली. बाहेर ट्रकांची रांग, आत ट्रकवाल्यांची. वरण-भात, वांग्याची भाजी आणि लाखोरीच्या डाळीचे गरम वडे. पोटभर जेवण, आणि बिल बघून पुणेकराला भरून यावं असं. रूपालीने आवाज दिला, "दादा, भाजीवर सांबार टाका जी थोडा."

"अगं, वांग्यावर सांबार कशाला?" मी ताट मागे ओढलं.

ढाबेवाल्याने माझ्याकडे बघितलं आणि मूठभर कोथिंबीर भाजीवर टाकली. इकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. मी हसले, वड्यावर ताव मारला आणि त्यातून काडीचाही धडा घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी गटाच्या हॉलमध्ये वर्ग सुरू झाला. बारा-तेरा जण होते. ढाब्यावर पोळ्या लाटणाऱ्या बायका, राइस मिलमधल्या दोघी, आणि नवेगाव बांधहून आलेले दाजीबा. दाजीबा साठीचे मासेमार. त्यांना फोनला मासळीबाजाराचे भाव विचारायला शिकायचं होतं, निदान तोंडाने तरी ते तसं म्हणत होते. खरं तर त्यांना सगळ्यांची फिरकी घ्यायला यायचं होतं.

शेवंता पहिल्या रांगेत. चाळिशीची, काटक, केस घट्ट बांधलेले. मी ओळख करून देते न देते तोच ती उभी राहिली.

"मी पयलेच शिकली जी," ती म्हणाली. "फोनले इचारून इचारून वीस वाक्यं पाठ केली. म्हनून दाखवू?"

मला काय आनंद झाला! बघा म्हटलं, उत्साह नाही म्हणणाऱ्यांनो. शेवंताने हात मागे बांधले आणि शाळेतल्या कवितेसारखं म्हटलं, "आफ्टर ड्रिंकिंग वॉटर, द टायगर स्टेड ऑन द बॉडी."

"कोणाच्या बॉडीवर?" मी विचारलं.

"बोडीवर जी. आमच्या गेटाच्या आत हाय ना बोडी, तिच्यावर."

बोडी म्हणजे छोटं तळं. शेवंता फोनला म्हणाली होती, "बोडीवर वाघ पानी पिऊन राहिला." म्हणजे वाघ पाणी पितोय. इकडे 'जात आहे' कोणी म्हणत नाही, 'जाऊन राहिला' म्हणतात. फोनने बोडीचं बॉडी केलं, पिऊन राहिलाचं 'प्यायला आणि तिथेच राहिला' केलं, आणि पाणी पिऊन कोणाच्या तरी अंगावर मुक्काम ठोकलेला वाघ तिच्या हातात दिला.

"बाप्पा! वाघाच्या आधी हिलेच भिऊन पळतीन ना लोक," दाजीबा म्हणाले, आणि अख्खा हॉल हसायला लागला. मीही हसले. अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

मग शेवंताचा चेहरा दिसला.

"पंधरा दिवस पाठ केलं मी," ती हळूच म्हणाली. "भात शिजवता शिजवता. सगडे चुकले का आता?"

मला इतकी लाज वाटली की काय सांगू. तिच्या वहीत देवनागरीत लिहिलेली वीस इंग्रजी वाक्यं होती आणि त्यातलं कुठलं खरं, कुठलं खोटं हे तिला कळायला मार्गच नव्हता. परीक्षेला तीन दिवस. आणि या बाईने मागच्या वेळेसारखं गप्प उभं राहू नये म्हणून एकटीने, कोणाच्या मदतीशिवाय केलेली मेहनत त्या वाघासारखी बॉडीवर जाऊन बसली होती.

मग मी ती चूक केली जी माझ्यासारखी माणसं नेहमी करतात. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: फोनशी शुद्ध मराठीत बोला. "असं म्हणा," मी शिकवलं, "तलावावर वाघ पाणी पीत आहे." सगळ्यांनी म्हटलं. शेवंतानेही म्हटलं. पण कसं? पाहुण्यांसमोर बसलेल्या नव्या नवरीसारखं. दर वाक्याला ती आधी माझ्याकडे बघायची. चहाच्या सुट्टीत हीच बाई बिबट्याचं पाऊल आणि वाघाचं पाऊल कसं ओळखायचं हे हातवारे करून पाऊण तास सांगत होती. फोन समोर धरला की शब्द शोधत बसायची. संध्याकाळपर्यंत तिने चार वाक्यं केली. पाचव्याला म्हणाली, "राहू द्या जी. नाई जमत."

मी रूपालीकडे जेवायला बसले आणि तिलाच विचारलं. हे मी काय केलं? उत्साह मारायला अहवालवाल्यांना तीस व्हिडिओ लागले, मी एका दिवसात मारला.

गुरुवारी आम्ही वर्ग नवेगाव बांधला नेला. एक तर शेवंताचं माहेर तिथलं, दाजीबाही तिथलेच, आणि दुसरं म्हणजे दाजीबांच्या म्हणण्याप्रमाणे "पाळीवर रेंज फुल राहते." पाळ म्हणजे तलावाचा बांध. कोहमाऱ्यावरून दक्षिणेला रस्ता वळतो, पाऊण तासाचा प्रवास. दोन्ही बाजूंना धानाची रिकामी शेतं, कुठे कुठे उन्हाळी धानाची हिरवी पट्टी, मग जंगल. आणि मग एकदम पाणी. या तलावाला तलाव म्हणावं की काय म्हणावं! डोंगरांच्या कुशीत पसरलेलं ते पाणी बघून मी गाडीतून उतरायचंच विसरले. हिवाळ्यात आलेले पक्षी अजून होते, लांबवर काळ्या ठिपक्यांच्या ओळी. दुर्बीण असेल तर आणा, मी विसरले होते आणि अजून हळहळते.

"आमच्या लोकायनं बांधला," शेवंता म्हणाली. तिचं घराणं कोहळी समाजातलं. या भागातले तलाव, बोड्या त्यांच्या वाडवडलांनी पिढ्यान्‌पिढ्या बांधलेल्या. तिने हे इतक्या सहज सांगितलं, जसं आपण सांगतो की ही भिंत माझ्या मामाने रंगवली.

पाळीवर झाडाखाली सतरंज्या टाकल्या. रेंज खरोखर फुल. मी पुन्हा शुद्ध मराठीची गाडी सुरू करणार तोच शेवंताने वही मिटली.

"म्याडम, एक इचारू? राग नका मानू."

"विचार ना."

"आमी काऊन बदलावं?" ती म्हणाली. "कॅन्टीनात नवी पोरगी कामाले येते. तिले मी पयल्या दिवशी सांगते, मीठ या डब्यात, तिखट त्या डब्यात. का तिच्यासाठी मी माह्या घरचे डबे बदलवू? फोन नवा हाय ना इथं? मंग त्याले सांगा ना आमचे डबे."

तीस वर्षं शिकवलंय मी. तीस वर्षं! आणि पाळीवर बसलेल्या एका स्वयंपाकिणीने मला माझा विषय शिकवला. कारण हे करता येतं, अगदी सहज येतं. फोनमधल्या एआयला काम सांगायच्या आधी आपली माहिती द्यायची, की आम्ही असे बोलतो, या शब्दाचा अर्थ हा घे. मला हे माहीत होतं. मी फक्त त्यांच्या बोलीला माहिती समजलेच नव्हते, चूक समजले होते.

"दे टाळी," मी म्हटलं. तिने आधी पदराला हात पुसला, मग दिली.

मग जी धमाल उडाली! प्रत्येक जण शब्द ओरडतोय आणि रूपाली टाईप करतेय. करून राहिला म्हणजे करत आहे. काऊन म्हणजे का. सांबार म्हणजे कोथिंबीर, हरणासारखं ते सांबर वेगळं. बोडी म्हणजे लहान तळं, बॉडी नव्हे, नव्हे, नव्हे. हे सगळं फोनला एकदा सांगून झालं आणि शेवंताने फोन तोंडाशी धरला. तिच्या आवाजात, तिच्या बोलीत, बिनधास्त. "बोडीवर वाघ पानी पिऊन राहिला."

फोनने इंग्रजीत उत्तर दिलं. मी अर्थ सांगितला: छोट्या तळ्यावर वाघ पाणी पीत आहे. पाळीवरचे बगळे उडाले असा ओरडा झाला.

पण थांबा, ही गोष्ट इथे संपत नाही, आणि संपली असती तर मी ती लिहिलीही नसती. पुढचं वाक्य दाजीबांनी टाकलं, "डुक्कर बांधीत लोडून राहिला." बांधी म्हणजे धानाच्या शेताचा एक तुकडा. ते आमच्या यादीत नव्हतं. फोनने बांधीला बांध समजून रानडुकराला धरणात लोळवलं, तेही जराही न अडखळता.

"चुकते तं चुकते, एवढ्या तोऱ्यात काऊन चुकते हा?" दाजीबा म्हणाले.

हाच तर खरा धोका. माणूस चुकताना चाचरतो, हा चाचरत नाही. म्हणून मी पुठ्ठ्यावर लिहिलं: उलट भाषांतराद्वारे पडताळणी. म्हणजे फोनने दिलेलं इंग्रजी त्यालाच, नवीन पान उघडून, परत मराठीत करायला सांगायचं आणि आपलं वाक्य परत येतं का ते बघायचं. सगळ्यांनी पुठ्ठ्याकडे असं बघितलं जसं वीजबिलाच्या मागच्या बाजूकडे बघतात.

शेवंताने विचार केला. "म्हनजे शीत दाबून पाहाचं."

"काय?"

"भात शिजला का नाई, शीत दाबून पाहातो ना आपन? तसंच." मग ती थांबली आणि बोट वर करून म्हणाली, "पन भाताचं एक शीत दाबलं का झालं. याचं एकेक शीत दाबा लागते."

मी पुठ्ठा उलटा केला आणि मागच्या बाजूला लिहिलं: शीत दाबा. एकेक.

जेवायला दाजीबांच्या घरी तलावाची मासोळी आणि भात होता. भात वाढताना त्यांच्या बायकोने खरंच शीत दाबून पाहिलं आणि आम्ही सगळे हसलो तर ती बिचारी गोंधळली.

शुक्रवार सगळा वहीवर गेला. वीस वाक्यांतली नऊ कच्ची निघाली. शेवंता स्वतः बोलायची, स्वतः परत फिरवून ऐकायची, कच्चं वाटलं की वेगळ्या शब्दांत पुन्हा सांगायची. मी फक्त उच्चार सांगत होते. आमचं भांडण झालं ते एकाच शब्दावर. मी म्हटलं, परदेशी माणसाला बोडी काय कळणार, तू 'पॉन्ड' म्हण. ती म्हणाली, "बोडीले बोडीच म्हननार. समजावून सांगीन ना. गाईड कायले असते मंग?" मी 'पॉन्ड'चा हट्ट सोडला. शिवाय आत जंगलात फोन चालत नाही, रेंज नाही आणि वापरूही देत नाहीत. जे काय असेल ते तिच्या डोक्यात असायला हवं होतं, आणि डोक्यात आपलेच शब्द टिकतात.

शनिवारी पहाटे उठून नागझिरा. गेटपर्यंत बस जात नाही, साकोलीहून किंवा गोंदियाहून गाडी करून घ्या. पावसाळ्यात जंगल बंद असतं आणि आठवड्यातून सुट्टीचा दिवसही असतो, त्यामुळे आधी चौकशी करून निघा. मी यावेळी आत गेलेच नाही. कॅन्टीनच्या बाकावर बसले. समोर गेटाजवळच्या शेडमध्ये परीक्षा, सगळ्यांना ऐकू येईल अशी. एक अधिकारी, दोन जुने गाईड, आणि सफारीहून परतलेलं चेन्नईचं एक जोडपं, ज्यांना "दोन मिनिटं थांबा, प्रश्न विचारा" म्हणून थांबवून घेतलं होतं.

शेवंताचं नाव पुकारलं. ती उभी राहिली. आणि गप्प.

मी बाकाची कड धरली. पाच सेकंद, दहा सेकंद. कॅन्टीनमधल्या बाया हातातलं काम टाकून दाराशी आल्या. बोल ग बाई, मनातल्या मनात मी ओरडत होते, चुकीचं बोल पण बोल!

मग तिने वहीकडे नाही, जंगलाकडे बघितलं आणि सुरुवात केली. "इनसाइड, बोडी. बोडी इज स्मॉल पॉन्ड. माय पीपल मेक बोडी, लाँग टाइम बॅक. मॉर्निंग, टायगर इज ड्रिंकिंग वॉटर ॲट बोडी." एकदा गाडी सुरू झाली ती थांबली नाही. अस्वल, मोहफुलं, पायाचे ठसे, सगळं आलं. त्या चेन्नईच्या बाईंनी विचारलं, वाघ आपल्याकडेच यायला लागला तर? हा प्रश्न वहीत नव्हता. कुठल्याच फोनमध्ये नव्हता.

शेवंताने तळहात वर केला. "टायगर इज कमिंग, नो शाउट. नो स्टँड. यू लुक मी."

त्या बाई खरंच तिच्याकडे बघत राहिल्या. अधिकाऱ्यांनी मराठीत विचारलं, "इंग्रजी कुठे शिकलात?"

"कॅन्टीनात जी," शेवंता म्हणाली. मागून कॅन्टीनमधल्या बायांनी अशा टाळ्या वाजवल्या की अधिकाऱ्यांनाही हसू आलं. निकालाचं मात्र एवढंच सांगितलं, "कळवू."

ते 'कळवू' घेऊन मी पुण्याला आले. येताना साकोलीच्या स्टँडवर शेवंताने डबा दिला, आंबट-तिखट वडे. "नाई झालं तं नाई झालं," ती म्हणाली, "पन मी बोलली." मी तिला जवळ घेतलं आणि बसमध्ये चढले, कारण अजून दोन मिनिटं थांबले असते तर रडले असते.

घरी येऊन पहिलं काम काय केलं असेल तर माझ्या शिकवण्याच्या टिपणांतलं पहिलं पान फाडलं. 'शुद्ध बोला' असं लिहिलेलं. नवेगावच्या पाळीवर दर मंगळवारी वर्ग सुरू आहे, माझ्याशिवाय. दाजीबा नवीन माणसांना पुठ्ठा दाखवतात, शब्दांची यादी आता तीन पानांची झालीय आणि त्यात बांधी पहिल्या ओळीत आहे. मी इथून फोनवर शंका सोडवते. कोणी विचारतं, प्रवासातलं काय राहिलं? आपल्या मराठीत 'राहिलं' म्हणजे मागे उरलं. तिकडच्या मराठीत तोच शब्द चालू असलेल्या कामाला लागतो. मला त्यांचा अर्थ जास्त पटतो. शिकून राहिले, शिकवून राहिले.

परवा दुपारी मेसेज आला. शेवंताचा, इंग्रजीत, मराठीचा एक शब्द नाही. चुकले, एक होता. 'Today tiger was drinking water at bodi. I was the guide.'

मी दोनदा वाचला. मग सवयीने नवीन पान उघडलं, आमची तीन पानी यादी चिकटवली आणि ते वाक्य फोनला तिच्या बोलीत परत फिरवायला सांगितलं. आलं ते असं: आज बोडीवर वाघ पानी पिऊन राहिला होता. मी गाईड होती.

एकेक शीत दाबून पाहिलं. शिजलं होतं.